खातं सुरक्षित आहे

१ जुलै २००८, मंगळवार
ऑफिसात ट्रेनिंग झालं. एकाला बँकेच्या नावाने ईमेल आला, त्याने सगळी माहिती भरून दिली, महिन्याचा पगार गेला. सगळे हसले. मी नोट्स काढल्या.
आमच्या घरात शाळा शिकलेली पहिली मीच. फॉर्म मी भरते, पत्रं मी वाचते. बाबांनी कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली ते पैसेही माझ्याच खात्यात आहेत. बाबा स्वतःचं पासबुक चहाच्या टपरीवर कुणालाही दाखवायचे, 'किती आहेत वाचा बरं.' म्हणून मीच हलवले. त्यातून धाकट्या बहिणीची, सोनालीची पॉलिटेक्निकची फी भरायची आहे. ३१ जुलै, संध्याकाळी पाचपर्यंत डीडी. नाहीतर सीट दुसऱ्याला.
भरपूर वेळ आहे.

३ जुलै
संकल्प: एटीएमच्या स्लिपा फाडून तीन वेगवेगळ्या ठिकाणी टाकायच्या. घरी, ऑफिसात आणि कर्वेनगरच्या बसस्टॉपवर.
आईने विचारलं, प्रेमपत्रं आहेत का. नाही म्हटलं. म्हणाली, मग एवढी बारीक कशाला फाडतेस?

५ जुलै
फार मोठी त्रुटी सापडली. फोनवर बँक जन्मतारीख विचारते. माझी एक जून. आमच्या टीममध्ये चौघांची एक जून! चौघांचेही आईबाप न शिकलेले, चौघांनाही तारीख हेडमास्तरांनी दिलेली. ऑफिसात एकच केक आणतात. चोर पहिला अंदाज हाच करणार.
आईला खरी तारीख विचारली. म्हणाली, बुद्धपौर्णिमा होती, विहारात दिवे लावत होते, म्हणून तर पूर्णिमा. नेटवर जुनं कॅलेंडर काढलं. पंधरा मे.
ही तारीख जगातल्या एकाही कागदावर नाही. शिवाय खरी आहे. सुरक्षितपणा आणि प्रामाणिकपणा एकदम. आज शांत वाटलं.

७ जुलै, सकाळी १०.४०
बँकेने केवायसीचा फॉर्म मागितलाच होता. जन्मतारीख पंधरा मे लिहिली. पॅनकार्डाची झेरॉक्स जोडली, पण त्यावरचा नंबर आणि तारीख काळ्या मार्करने झाकली. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, हे काय? म्हटलं, खबरदारी. मागे रांग होती. त्यांनी शिक्का मारला.

१५ जुलै
एटीएममधून पैसे येत नाहीत. मशीन बिघडलेलं असणार.
दुसरंही बिघडलेलं.
तिसरंही. पुण्यात मेंटेनन्स नाहीच.

१६ जुलै
बँकेला फोन केला. जन्मतारीख विचारली. पंधरा मे, ठामपणे सांगितली. तिकडचा माणूस म्हणाला, ही तारीख अजून तपासणीत आहे, म्हणून कार्ड थांबवलंय. म्हणून एक जूनही सांगून पाहिली. त्याने विचारलं, मॅडम, तुमच्या दोन जन्मतारखा आहेत? खोटं कसं बोलणार? हो म्हटलं.
खातं गोठवलं. माझ्याच संरक्षणासाठी. खरं तर सर्व्हिस चांगली आहे.

१८ जुलै
हाफ डे टाकून शाखेत गेले. स्कूटीवरून आले तशीच, स्कार्फ बांधलेला. वॉचमनने आधी तोंड दाखवा म्हटलं.
बद्रीनाथ नावाचे ऑफिसर आहेत. त्यांनी माझी झेरॉक्स उजेडात धरली. म्हणाले, पुरावा झाकून देणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मग म्हणाले, खातं पंधरा मेच्या पूर्णिमाचं आहे. तुमच्या कागदांवर एक जून. तुम्ही कोण?
म्हटलं, परत एक जून करा. म्हणाले, तसा अर्ज खातेदाराने करायचा असतो.
म्हटलं, पंधरा मे आईला माहीत आहे. त्यांनी चालणाऱ्या पुराव्यांची यादी वरून खालपर्यंत वाचली. म्हणाले, आई यात नाही.

२३ जुलै
बँकेचं पत्र आलं. एक अनोळखी महिला तुमच्या नावाने माहिती मिळवण्याचा प्रयत्न करत आहे, सावध राहावे.
दारं नीट लावली. मग लक्षात आलं.

२४ जुलै
शाळेत फोन लावला. हेडमास्तर जाऊन सहा वर्षं झाली. क्लार्क म्हणाला, त्या वर्षी पहिलीत सदतीस मुलं होती, सदतीस जणांची एक जून.

२८ जुलै
ॲफिडेव्हिट केलं. ते मुंबईला हेड ऑफिसला जाणार. पंधरा कामाचे दिवस. मोजले. पुन्हा मोजले. पगारही त्याच खात्यात जमा होतो, म्हणजे तोही आत.
सोनाली रोज सकाळी तिची फाइल उघडते, दाखला आहे का बघते, बंद करते.
बाबांनी विचारलं, पैसे आपलेच आहेत ना? सांगितलं, आपलेच, आणि आता कुणीच हात लावू शकत नाही. बाबा म्हणाले, हो, ते दिसतंय.

३० जुलै
बद्रीनाथसाहेबांनी दुरूनच हात जोडले.
योजना: उद्या कॉलेजात जाऊन प्राचार्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं. सुशिक्षित माणूस आहे, पटेल.

३१ जुलै, संध्याकाळी ७
प्राचार्य मीटिंगला गेले होते. पाच वाजेपर्यंत बाकावर बसले. फीची खिडकी बंद झाली. घरी येताना सोनालीला काय सांगायचं याची चार वाक्यं तयार केली. चारही वाईट.
घरी सोनाली पोहे खात होती. समोर पावती. फी सकाळीच भरली होती, रांगेत पहिल्या नंबरवर.
आईचं पोस्टात खातं आहे. अकरा वर्षं. धुण्याभांड्यांच्या कामातले साठवलेले. परवा गेली, क्लार्क म्हणाला, या शालनताई, अंगठा घेतला, पैसे दिले. काल बाबांनी डीडी काढला.
मी विचारलं, मला कधी सांगितलं कसं नाहीस? आई म्हणाली, तू फॉर्म भरला असतास.
मी म्हटलं, बरं, पण त्या पासबुकाची नोंद माझ्याकडे हवी. ठेवलंय कुठे?
आईने सोनालीकडे पाहिलं. सोनालीने बाबांकडे. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.