ऑक्सिजनची दोन शिखरं

सोम., १२ जानेवारी, डोंबिवली
ताऱ्याच्या प्रकाशाच्या आलेखात ऑक्सिजनच्या रेषेला दोन शिखरं आहेत. आमच्या संचिताच्या मार्गदर्शक दर्शना मॅडमनी दुपारी पक्कं केलं. म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा ढिगारा हातातल्या कड्यासारखा — अर्धा आपल्याकडे येतोय, अर्धा लांब जातोय. येणाऱ्याचा प्रकाश निळ्याकडे सरकतो, जाणाऱ्याचा तांबड्याकडे. लेकीचा पहिला शोधनिबंध. पुढची शिष्यवृत्ती त्यावरच आहे. पेपरातलं रविवारचं पान मी लिहिणार.

बुध., १४
मजकूर तयार. कडं म्हणजे मेदूवडा, असं समजावलंय. ठाण्याहून महेंद्रचा फोन, पुरवणी तोच बघतो. "अण्णा, सोबत चटणी पण छापायची का?"
वडा ठेवलाय.

गुरु., १५
आकृती काढताना अडलो. संचिताच्या तक्त्यात ऑक्सिजनपुढे दोन आकडे. जेवताना विचारलं, एका रेषेला दोन कशाला?
"बाबा, ती जोडीच असते. पण दुसरी पहिलीच्या एक-तृतीयांश. त्यामुळे मी धरली नाही."
"नेहमी एक-तृतीयांश?"
तिचा घास हातातच राहिला. "ढिगारा विरळ असेल तर."
दाट असेल तर दुसरीही जवळजवळ तेवढीच उंच होते. आणि तिच्या दोन शिखरांमधलं अंतर जोडीतल्या अंतराएवढंच आहे. म्हणजे दुसरं शिखर ही जोडीतली दुसरी रेषाच असू शकते; कडं असेलही, नसेलही.
मॅग्नेशियमची रेषा मात्र एकटी असते. तिलाही दोन शिखरं निघाली तर कडं खरं. आलेखाचा तेवढा भाग अजून साफ व्हायचाय.

शुक्र., १६
महेंद्रला सांगितलं, पान थांबव.
"अहो अण्णा, घरचीच बातमी आणि तुम्हालाच भरवसा नाही?"
लेकीवर आहे. बातमीवर अजून नाही. टिटवाळ्याच्या पक्ष्यांवरचा तयार लेख पाठवला.
संचिता दिवसभर मॅग्नेशियमचा भाग साफ करत बसली. संध्याकाळी म्हणाली, "तू विचारलं नसतंस तर निबंध गेला असता."
"मग दुसऱ्या कुणीतरी विचारलं असतं. छापून आल्यावर."

शनि., १७
मॅग्नेशियमला एकच शिखर. तेही मधे नाही — निळ्याकडे सरकलेलं. कडं नाहीच. तारा एका बाजूला, आपल्या दिशेने जास्त फुटलाय. संचिताने निबंधाचं नाव खोडलं. मार्चमध्ये दुर्बीण पुन्हा मिळेल. तोवर ढिगारा विरळ होईल आणि ऑक्सिजनचं दुसरं शिखर खाली यायला हवं. तेव्हासाठी महेंद्रकडे पान राखून ठेवू का, विचारलं.
"ठेव," म्हणाली. "पण काय छापायचंय ते त्याला आत्ताच सांगू नकोस."