काचेची बाटली

सर, आज डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझा मोतीबिंदू पिकल्याचं सांगितलं. वेंगुर्ल्याहून एसटीने घरी येईपर्यंत मनात तुमच्याशीच बोलत होतो. फार थकलोय हो आता.

प्रयोगशाळेत मी बाटल्या धुणारा, शाळा सातवीत सुटलेला. तुम्ही मला फ्लोरिन मोजायला शिकवलंत. काजूवर फवारायच्या औषधाचा चिमूटभर नमुना कागदात गुंडाळायचा, ऑक्सिजन भरलेल्या बाटलीत जाळायचा, धूर तळाच्या पाण्यात मुरू द्यायचा. एवढा खटाटोप कशाला, असं विचारलं तर तुम्ही हसलात. "कालवां खडपाक चिकाटतत, तसो तो कार्बनाक चिकाटता रे. जाळल्याबगर सुटूचो नाय. आणि सुटलो की काच खाता. म्हणान ही क्वार्ट्झची बाटली. जपून धू." मग त्या पाण्यात पिवळा रंग घालून ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या आकडे कोरलेल्या नळीतून, द्रावण थेंब थेंब सोडायचं; जितके थेंब जास्त, तितका फ्लोरिन जास्त. पिवळ्यावर गुलाबी झाक आली की थांबायचं. "नारळाच्या रसात कोकमाच्या आगळाचो पयलो थेंब पडता मां, तेवढीच."

ती बाटली धुताना माझ्या हातून फुटली. तुकडे मी माडाच्या आळ्यात पुरले आणि तशीच दिसणारी साधी काचेची बाटली जागेवर ठेवली. पुढचा आठवडाभर तुमचे आकडे कमी येतात; थोडा फ्लोरिन ती काचच गिळते. ज्याचा आकडा आधीच ठाऊक आहे, तो नमुनाही कमी भरतो. तुम्ही द्रावण नवं करता, तराजू तपासता, मग माझ्याकडे बघता.

"बाटली तीच मां रे?"

"तीच, सर."

तुम्ही चष्मा काढलात आणि पुसत बसलात. "म्हणजे माजेच डोळे गेले. नसलेलो गुलाबी दिसता माका. आजपासून तू धर." मी ब्युरेट धरली आणि गुलाबी झाक आल्यावरही ठाऊक असलेल्या आकड्यापर्यंत मुद्दाम चार थेंब पुढे गेलो. "बघ, तुझी नजर तरणी," म्हणत तुम्ही पाठ थोपटलीत. त्यानंतर तुम्ही ब्युरेटला हात लावला नाहीत. तुम्ही निवृत्त झाल्यावर नवी क्वार्ट्झची बाटली आली, तेव्हा कुठे माझे आकडे खरे झाले. तोवर किती खोटे कागद गेले, देव जाणे.

ती काचेची बाटली अजून माझ्याकडे आहे. आज खिडकीशी धरून पाहिली. धुरकटपणा तिच्यात आहे की माझ्या डोळ्यात, ते समजेना. तुमचे डोळे चांगले होते, सर.

हे पत्र घडी करून तिच्यातच सारतोय. एक राहिलं. त्या दिवशी ब्युरेट हातात आली तेव्हा लाज वाटली, पण त्याहून आनंदच जास्त झाला होता.