दाराच्या रबराखालचा रंग

ऋतिक,

कॅन्टीनला पहिली शिफ्ट हाय, निघाले. भाकरी झाकून ठेवलीय. रात्री तोंडानं सांगवंना म्हणून लिहितीय.

तू घ्यायची म्हणतोस ती थेरगावची जुनी स्पोर्ट्स गाडी तुझा थोरला भाऊ रविदादा बघायचा तशीच बघ. मॅट उचलून खालचा पत्रा दाबून बघ, गंजला असंल तर पिचंल. दादाच्या पेटीतलं लोहचुंबक सगळीकडं फिरव. चिकटलं न्हाई तिथं पत्रा नसतो, नुसती लांबी, म्हंजे पुट्टी भरलेली असती. तू जायच्या आधीच इंजिन गरम असलं तर विकणारे कायतरी लपवत्यात.

मग दाराचं रबर उचकटून आतला रंग बघ. फोटोत गाडी हिरवी हाय. दादाची अशीच, पण लाल होती. तो तिच्यात अपघातात गेल्यावर विमावाल्यांनी नेली, पुढं कुणाला विकली ठावं न्हाई.

रबराखाली लाल निघाला, तर स्टेअरिंगखाली हात घालून चाचप. गाडीची पूजा केली तवा मी तिथं भंडाऱ्याची पुरचुंडी बांधली होती. ती हाताला लागली तर गाडी न घेता माघारी ये.

पुरचुंडी घरात आणू नको. तिनं त्याला राखलं न्हाई.

आई