आगलावे

शनिवार, संध्याकाळ. मालवीय नगर, जयपूर.

निखिलच्या लग्नपत्रिकेचा नमुना आज चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या छापखान्यातून आला. माझ्या मुलाच्या नावापुढे ‘अग्रवाल’! म्हटलं, त्या माणसाला आगलावे लिहिता आलं नसेल. छापखान्याला लावायला फोन उचलला, तर समोर बसलेला निखिल म्हणाला, “रहने दो ना, पप्पा. मीच सांगितलं तसं. मतलब, मुलीकडचे पाहुणे वाचून हसतील.”

हसतील. हिंदीत अर्थ लगेच कळतो, तीच तर पंचाईत. गावची होळी पेटवायचा मान आमच्या घराण्याचा, म्हणून आम्ही आगलावे. दुसऱ्या कुणी पेटवलेली गावाला चालायची नाही. हे मी त्याला कधी सांगितलं? आज. तेही ओरडून.

आणि मी? बदली होऊन इथल्या विमा ऑफिसात आलो, त्या दिवशी साहेब म्हणाले होते, “आगलावेजी, फायर इन्शुरन्स आप देखेंगे?” सगळं ऑफिस खो खो हसलं. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यांदा मीच.

“बापजाद्यांचं नाव टाकतोस, लाज नाही वाटत?” असं मी निखिलला विचारलं. तो आवाजही न चढवता म्हणाला, “दारावरच्या पाटीवर तरी कुठे आहे, पप्पा?”

बाहेर जाऊन बघायची गरज नव्हती. तरी गेलो. ‘मोहनजी, विमा अधिकारी’. बस, एवढंच. पाटी मीच करून आणली होती, साहेब हसले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात.