नदीपलीकडची गोरका

१२ सप्टेंबर २०१६, सोमवार

वरून कागद आला! ज्या गावांत माणूस उरला नाही, ती गावं सरकारी नोंदीतून काढून टाकायची. यादी शुक्रवारपर्यंत. आमचे ग्रामप्रमुख वादिम तिखोनोविच कागद माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "नोन्ना येगोरोव्हना, एकतीस गावं आहेत आपल्याकडे. जरा हलकं होऊ या." जसं काही कपाट आवरायचंय.

एकतीस गावं, त्यांत चार गोरका. अख्ख्या रशियात जिथं टेकडी दिसली तिथं लोकांनी चार घरं बांधली आणि नाव ठेवलं गोरका, म्हणजे टेकडी. डोक्याला ताप नको! बोलताना कुणाचा घोटाळा होत नाही – चर्चवाली गोरका, दूधवाली गोरका, कोरडी गोरका आणि नदीपलीकडची गोरका. कागदावर मात्र चौघी नुसत्याच गोरका.

शिवाय दर्जे. चर्च असलं की 'सेलो', नसलं की 'देरेव्न्या'. चर्चवाल्या गोरकाच्या चर्चचं छप्पर छत्तीस साली गेलं, मग तिथं ट्रॅक्टर ठेवायचे, आता ट्रॅक्टरही गेले. पण सेलो ती सेलोच. आणि आमचं झाओझेर्ये 'पोस्योलोक', कामगारांची वस्ती, म्हणजे सगळ्यांहून जरा शहाणं. का? तर चौऱ्याहत्तर साली इथं वीटभट्टी निघाली होती. भट्टी बुडाली, उरल्यासुरल्या विटा लोकांनी घरी नेल्या – माझ्या न्हाणीघराला त्याच आहेत. दर्जा तेवढा कुणी उचलून नेला नाही.

१६ सप्टेंबर

यादी दिली. सहा गावं, सहा शून्यं. घरवहीतून उतरवून काढली, अर्ध्या तासाचं काम. सही, शिक्का, चहा. पाचवं नाव – गोरका, नदीपलीकडची.

१७ सप्टेंबर

ते पाचवं नाव डोक्यातून जात नाही. लिहूनच टाकते. इथं कोण वाचतंय?

घरवही म्हणजे माझ्या नोकरीचा जीव. दर जूनमध्ये कारकुनानं दारोदार फिरायचं आणि लिहायचं – माणसं किती, गाई किती, डुकरं किती, कोंबड्या किती. नियम असा. २००८ साली बर्फ वितळताना नदीवरचा पूल वाहून गेला. नदीपलीकडच्या गोरकाला जायचं तर चौदा किलोमीटरचा वळसा, गुडघाभर चिखल, आणि माझ्या बुटाला भोक. तिथं राहत होतं कोण? एकटी गुस्त्या मावशी आणि तिची बकरी. म्हटलं, दोघींत काय बदललं असणार! पण गावाला गेल्याशिवाय पानावर सही करता येत नाही. मग मी काय केलं? मावशीला उचललं आणि समोरच्या पानावर लिहिलं – दूधवाल्या गोरकात. तिथं जाऊन आलेच होते, रस्त्याकडेला आहे. नाव एकच, कोण बघतंय? माणूस हरवला नाही आणि मीही भिजले नाही. पुढच्या वर्षी दुरुस्त करू.

पुढच्या वर्षी मागच्या वर्षीचं पान उतरवलं. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच्या मागचं. आठ वर्षं! माझ्या वहीत ती बकरी आठ वर्षं तीन वर्षांचीच आहे.

दूधवाल्या गोरकात आता काय आहे? खाजकुयली. डोक्याइतकी उंच. दूध केंद्राचा पत्रासुद्धा नाही. आणि वही म्हणते – तिथं एक बाई, एक बकरी. पलीकडे शून्य. पलीकडचं शून्य मी काढलंय, स्वतःच्या हातानं, छान गोल.

१९ सप्टेंबर

दुकानात प्रोखोर भेटला. फिरत्या दुकानाची गाडी चालवतो, दर गुरुवारी मावशीला पाव, साखर, पेन्शन आणि गावगप्पा पोचवतो. यादीची बातमी त्याला माझ्याआधी! "गाव नाही म्हटल्यावर रस्ता नाही," बोटांवर मोजत म्हणाला. "रस्ता नाही म्हणजे बर्फ काढायला ट्रॅक्टर नाही. मग मीही नाही. आणि विजेचे खांब? एका म्हातारीसाठी तीन किलोमीटर तार कोण ठेवील? काढून नेतील." मग माझ्याकडे बघून – "पण तिथं शून्य लिहिलं कुठल्या गाढवानं?"

मी म्हटलं, चौकशी करते.

२२ सप्टेंबर, गुरुवार

प्रोखोरच्या गाडीत बसून गेले. आठ वर्षांनी! पावाच्या क्रेटवर बसून, साखरेच्या पोत्याला धरून.

मावशी अंगणात बटाटे काढत होती. एकोणऐंशी वर्षांची. मान वर न करता म्हणाली, "नोन्का! रस्ता सापडला का गं?"

"तुम्ही कशा आहात बघायला आले, मावशी."

"आहे की नाही ते बघायला आलीस म्हण. चिमटा काढून बघ. बकरीलाही काढ."

बकरी दुसरीच होती. जुनी चौदा सालीच गेली म्हणे. मी मान हलवली, जशी काही नोंद घेतली.

आत चुलवण पेटलेलं, खारवलेल्या अळंब्या, बडीशेपेचा वास. मावशी बोलतच होती. नवरा मागच्या टेकाडावर पुरलाय, रविवारी त्याच्याशी भांडायला जाते. पुतण्या शहरात ये म्हणतो, नवव्या मजल्यावर. "नवव्या मजल्यावर बकरी कुठं बांधू? बाल्कनीत?" एकच मागणं – इथून उचलायचं ते मेल्यावर, पुढं पाय करूनच. "त्याच्या शेजारची जागा साफ करून ठेवलीय मी. दरवर्षी गवत काढते."

आत्ता सांगू, मग सांगू करत मी चार कप चहा प्यायले. सांगितलं नाही. निघताना तिनं अळंब्यांची बरणी दिली. ती घेतली मात्र!

२६ सप्टेंबर

वादिम तिखोनोविचना सांगितलं. सगळं. बुटाच्या भोकासकट.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आठ वर्षं तुम्ही खोट्या सह्या केल्या, असं लेखी देणार? पेन्शनला चार वर्षं उरलीत ना तुमच्या?" आणि समजूत घातल्यासारखं – "हे बघा, त्या बाईचं घर कुणी काढून घेतंय का? वहीत ती दूधवाल्या गोरकात राहते. मोठ्या रस्त्यालगत, मजेत."

कागदावर मावशी मजेत आहे. मीही जरा कागदावर राहायला जावं म्हणते.

शेवटी म्हणाले, "समिती येणार आहे पाहणीला. त्यांना दिसेल ते खरं."

३ ऑक्टोबर

समिती आली. दोन माणसं, चार स्वच्छ बूट. "गोरका कुठं आहे?" त्यांनी विचारलं. वादिम तिखोनोविचनी स्वतः गाडीत बसून नेलं – दूधवाल्या गोरकात! नऊ मिनिटांत पोचले, खाजकुयलीचे फोटो काढले, बाराच्या आत परत. "खरंच, चिटपाखरू नाही," समितीतली बाई हळहळली. "किती वाईट वाटतं ना, अशी गावं बघून!"

मग जेवण. माशाचं सारण भरून भाजलेला पिरोग मीच आणला होता. मीच कापला. मधला तुकडा बाईंना दिला.

४ ऑक्टोबर

तोंड होतं मला. पिरोग खायला उघडलं.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

मावशी आली! प्रोखोरच्या गाडीतून, चांगला रुमाल बांधून, पासपोर्ट छातीशी धरून. वीज खात्याचा माणूस मीटर बघून गेला आणि "आता हा लागणार नाही" असं बोलला म्हणे.

वादिम तिखोनोविचनी पासपोर्ट उघडला, राहण्याच्या जागेचा शिक्का वाचला. "गोरका. बरोबर आहे."

"कुठली गोरका?" मावशी.

"त्यात एकच लिहिलीय, आजी."

"मी कुठं राहते ते तुला माहीत नाही होय रे वाद्का? लहानपणी माझ्या सफरचंदाच्या झाडावरून पडला होतास तू!"

वाद्का लाल झाले आणि त्यांना एकाएकी फोन आला. फोन वाजला नव्हता, पण आला.

मग मावशी माझ्या टेबलाशी. "नोन्का, तुझ्या वहीत बघ गं. मी आहे ना?"

वही उघडली. पान शोधल्यासारखं केलं. "आहात, मावशी."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

खोटं बोलले नाही हो! वहीत ती आहेच. मावशीनं माझा हात दाबला, म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं," आणि निश्चिंत होऊन पावांच्या मधे बसून घरी गेली.

इतकी लाज मला लग्न मोडलं तेव्हाही वाटली नव्हती.

१५ ऑक्टोबर

पत्र लिहिलं. थेट प्रांताच्या कचेरीला. नाव, हुद्दा, २००८ साल, पूल, दोन्ही पानांच्या प्रती. "सदर नोंद माझ्या आळसामुळे चुकली." 'आळस' खोडून 'परिस्थिती' लिहिलं. पुन्हा खोडलं, आळसच ठेवला. खाली ठळक अक्षरांत – ऑगुस्ता पिमेनोव्हना झुयेवा, वय ७९, एकटी राहते, गोरका, नदीपलीकडची, वळशाच्या रस्त्यानं चौदा किलोमीटर, डावीकडे, निळ्या खिडक्यांचं घर. आता तरी चुकू नका, बाबांनो!

तालुक्याला जाऊन टाकलं. इथं टाकलं असतं तर पोस्टातल्या बाईनं वाचून, शुद्धलेखन सुधारून मगच पुढं धाडलं असतं.

२ नोव्हेंबर

वरून फोन आला असणार. वादिम तिखोनोविचनी कोरा कागद पुढं केला. "लिहा – स्वेच्छेनं राजीनामा." इच्छा त्यांची, हात माझा. आपल्याकडे स्वेच्छा अशीच असते.

सव्वीस वर्षांचं सामान एका खोक्यात मावलं. घरवही सगळ्यात शेवटी दिली. नव्या मुलीला म्हटलं, "जूनमध्ये चांगले बूट घे." ती हसली. तिला वाटलं गंमत करतेय.

२१ नोव्हेंबर

उत्तर आलं!! चक्क आलं! "आपला अर्ज विचारात घेण्यात आला. गोरका (नदीपलीकडची) यादीतून वगळण्यात येत आहे. रहिवाशाचा पत्ता दुरुस्त करून सर्व संबंधित खात्यांना कळवण्यात आला आहे."

तीनदा वाचलं. सर्व संबंधित खात्यांना! एवढी काळजी कुणी माझीही घेतली नव्हती. खांब राहतील, ट्रॅक्टर येईल. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, मग स्वतःवरच चिडले, मग उरलेल्या अळंब्या खाल्ल्या. नोकरी गेली तर गेली. आयुष्यात एक ओळ तरी बरोबर लिहिली.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रोखोरकडे निरोप दिला – गाव राहिलं. परतताना सांगत होता, मावशीनं तीनदा छातीवर क्रूस काढला आणि त्याला घरची दारू पाजली. "तुला बोलावलंय. नोन्काला म्हणावं ये, नदी गोठली की सरळ चालत ये."

जाईन. तोंडानं सांगेन सगळं. बर्फ अजून माणसाचं वजन पेलण्याइतका झालेला नाही. दुसरी सबब नाहीये, खरंच.

८ डिसेंबर, गुरुवार

प्रोखोर पाव न विकताच परत आला. आज सकाळीच समाजकल्याणची गाडी मावशीकडे गेली होती. एकटी, ऐंशीला टेकलेली, रस्ता बर्फाखाली – वृद्धाश्रमात हलवलं. "फक्त हिवाळ्यापुरतं" म्हणाले. कागदावर सही पुतण्याची. बकरी शेजारच्या गावात दिली.

आठ वर्षांत तीनदा आले होते म्हणे तिला न्यायला. तीनही वेळा दूधवाल्या गोरकात शोधून, खाजकुयली बघून, परत गेले. मावशीला ठाऊक होतं, प्रोखोरजवळ हसायची. या वेळी गाडी कुणाला न विचारता सरळ निळ्या खिडक्यांसमोर थांबली.

वाटेत त्यांना प्रोखोर भेटला. मावशीनं काच खाली करून त्याला एवढंच विचारलं, "यांना पत्ता कुणी दिला रे?"

प्रोखोर म्हणाला, माहीत नाही.