बाळ्याचा वाजवी भाव

२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार
आज सकाळी उठल्या उठल्या बाळ्याला मोजलं. शेजारच्या गवंड्याकडून टेप आणला होता. बाळ्यानं तो चावला. उंची अंदाजे धरली. मग अंघोळ करून भद्रा मारुतीला गेलो आणि भाव काय सांगावा हे विचारलं.

बाळ्या विकायचा आहे. मोनिका, आमची सून, जानेवारीत बाळंत होणार. तिला माहेरी आई नाही. म्हणून जानेवारीच्या एक तारखेपासून मी आणि द्वारका खुलताबादचं घर बंद करून वाळूजला ऋतुराजच्या फ्लॅटवर राहायला जाणार. तिसरा मजला. लिफ्ट आहे. तरी नाही जमणार, सगळ्या बाजूंनी विचार केला.

शिंगराला नाव ठेवलेलं नाही. नाव ठेवलं की विकताना जड जातं. आम्ही नुसतं बाळ्या म्हणतो. दीड वर्षाचा आहे. त्याची आई वरातीची घोडी होती, बारा वर्षं नवरदेव वाहिले तिनं. गेल्या श्रावणात साप चावून गेली. तेव्हापासून हा माझ्यामागं फिरतो. जनावराला सवय लागते. माणसाला तसं काही नसतं.

देवानं सरळ उत्तर दिलं नाही. पण नारळ, तेल आणि रुईची माळ मिळून पंचाहत्तर झाले आणि शंभराच्या नोटेतून पंचवीस परत आले. पंचवीस हजार.

ठरवलं: भाव एकदाच सांगायचा, तो बदलायचा नाही. खोड असेल ती गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगायची. वीटभट्टीवर द्यायचा नाही. महिनाभर आहे हातात. आठ दिवसांत काम होईल.

२३ नोव्हेंबर
खोड एकच. डाव्या पायावर केसांचा भोवरा आहे आणि त्याचं तोंड वर आहे. जुनी माणसं त्याला खुंटेउपाड म्हणतात. असा घोडा दावणीला असला की मालकाचा खुंटा उपटतो, म्हणजे त्याचं बिऱ्हाड उठतं. मी मानत नाही. मात्र सांगणार.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
सर्जेराव आला. घोड्यागाढवांचा व्यापारी. हा माल कुठं जातो ते सगळ्यांना माहीत आहे. भट्टीवर दोन वर्षांत जनावराच्या पाठीचं कातडं निघतं.

त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला, खाली बोटं धरायला. बाजारात तसाच भाव होतो, शेजारच्याला कळू नये म्हणून. मी हात काढून घेतला. म्हणालो, माझ्याकडं लपवायला काही नाही, उघड बोला. तो म्हणाला, बारा. मी भोवरा दाखवला. तो म्हणाला, मग आठ.

जाताना द्वारकाला म्हणून गेला, "वहिनी, मालक लई सरळ हाईत. शिंगरू तुम्हीच विका."

याला लाख दिले तरी द्यायचा नाही.

३० नोव्हेंबर, रविवार, दुपार
उत्तम गिऱ्हाईक. नानासाहेब, फुलंब्रीकडचे, नातवासाठी पाहिजे होता. गाडीतून आले. पंचवीस म्हणालो, त्यांनी लगेच मान हलवली. बाळ्यानं त्यांच्या खिशाचा वास घेतला, ते हसले. पैसे काढायला हात खिशात गेला होता.

मी म्हणालो, थांबा, आधी पाय बघा.

खुंटेउपाड म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. नवीन बंगल्याची वास्तुशांत आठ दिवसांवर आहे म्हणे. मी म्हणालो, मी स्वतः मानत नाही. ते म्हणाले, तुमच्याकडं हा आल्यापासून काय झालं? मी म्हणालो, काही नाही, फक्त आम्ही घर सोडून चाललोय.

चहा अर्धा टाकून गेले.

द्वारका म्हणते, गिऱ्हाईक आलं की तुम्ही आधी त्याचा पाय पुढं करता, तोंड तरी दाखवा की. बायकांना व्यवहारातला खरेपणा कळायला वेळ लागतो. मला आज हलकं वाटतंय. बाळ्याला गूळ दिला. गिऱ्हाईक गेलं म्हणून नव्हे, असाच.

६ डिसेंबर, शनिवार
मारुतीला जाऊन आलो. पंचवीस कायम.

कंपनीतला कचरू घेतो म्हणतोय. तो मेंटेनन्सला, मी स्टोअरला, एकाच बसनं वीस वर्षं जातो. मार्चमध्ये रिटायर होणार, मग म्हैसमाळला रविवारी पर्यटकांना घोड्यावरून फिरवायचं असा बेत आहे. मळ्यात गोठा आहे, विहिरीला पाणी आहे. माणूस असा की मशीनलासुद्धा हात लावण्याआधी बोलतो. आज तो चैत्यभूमीला गेलाय. परत आला की बघायला येणार.

झालं म्हणायचं काम. दोरी नवी आणून ठेवली.

९ डिसेंबर, मंगळवार
कचरू आला, सोबत त्याची बायको मुक्ताबाई. मी जय भीम म्हणालो, तो रामराम म्हणाला. आमचं पहिल्यापासून असंच आहे.

मी भोवरा दाखवला. खुंटेउपाड म्हणजे काय ते सविस्तर सांगितलं. नानासाहेबांचंही सांगितलं. कचरूनं ऐकून घेतलं आणि खाली बसून चारी पाय उचलून पाहिले.

"आम्ही भोवरा बघत नाय, बद्रीभाऊ. खूर बघतो. खूर चांगलेत."

मग म्हणाला, पंचवीस मान्य.

इथं मला विचार करावा लागला. जो भाव समोरचा घासाघीस न करता देतो तो कमीच असणार. म्हणजे मी बाळ्यावर अन्याय करत होतो. आणि पंचवीस हा भोवरा धरून सांगितलेला भाव. हा माणूस भोवरा मानतच नाही, तर त्याच्यासाठी तो भाव वाजवी कसा? बत्तीस सांगितले. याला भाव बदलणं म्हणत नाहीत, दुरुस्ती म्हणतात.

मुक्ताबाई म्हणाली, "भाऊ, शिंगरू विकताय का लेक सासरी धाडताय?"

सगळे हसले. मीही हसलो. द्वारका हसली नाही.

१० डिसेंबर
मुक्ताबाईचं बोलणं मनाला लावून घेतलेलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार
कचरू पुन्हा आला, एकटा. अठ्ठावीस देतो म्हणाला. यापेक्षा जास्त नाही जमणार, आणि कमी दिलं तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून अठ्ठावीस.

आता माझ्यावर जबाबदारी आली. एवढे पैसे घ्यायचे तर सगळ्या खोडी सांगायला हव्यात. मी सांगितलं की तो चावतो. ट्रॅक्टरला बुजतो. अंगावर झूल टाकली की लोळतो. खातो फार. मी दिसलो नाही तर दाव्याला हिसके देतो, आणि सेकंड शिफ्टला असलो की संध्याकाळी रस्त्याकडं तोंड करून उभा राहतो, पाणी पीत नाही.

कचरू म्हणाला, इतक्या खोडी असतील तर पंचवीसच ठरवू. मी म्हणालो, एवढ्या गुणी जनावराला पंचवीस? तो म्हणाला, मग तुमचं काय म्हणणं आहे ते एकदा सांगा.

मी म्हणालो, शनिवारी देवाला विचारून सांगतो.

तो गेल्यावर द्वारकानं विचारलं, "अहो, तुम्हाला द्यायचाय का नाय?" मी म्हणालो, म्हणजे काय, द्यायचाच आहे, वाजवी भावात. ती आत गेली. भांडी जरा जोरात घासत होती.

१७ डिसेंबर
ऋतुराजनं फोनवर फोटो टाकला. तीन जणांनी विचारलं. एकाला बाळ्याच्या बदल्यात जुनी मोटारसायकल द्यायची आहे. एकानं मायलेज विचारलं. तिसऱ्यानं फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं. त्याच्याकडून मला आशा आहे.

२० डिसेंबर, शनिवार
देवळात गर्दी. रांगेत तासभर. समोर पोचलो तर मारुती नेहमीसारखा झोपलेला, मूर्तीच तशी आहे. इतक्या लोकांनी इतकं विचारल्यावर मीही झोपलो असतो. काही विचारलं नाही, नमस्कार केला.

उतरताना पायऱ्यांवर मन आपोआप स्वच्छ झालं. द्यायचा. कचरूलाच द्यायचा, पंचवीसला. बाळ्याला त्या घरी बरं राहील. सोमवारी बसमध्ये सांगतो. आजच फोन करता आला असता, पण अशी गोष्ट समोरासमोर सांगावी. दोन दिवसांनी काय बिघडतं.

२२ डिसेंबर, सोमवार
कचरूनं काल कन्नडकडून घोडी आणली. तेवीस हजार. म्हणाला, बद्रीभाऊ, तुमचं मन दिसंना, म्हणून मी जास्त रेटलं नाही. राग नका धरू.

मी म्हणालो, राग कसला, चांगलंच झालं. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. घोडीचे कान जरा लांब आहेत. बोललो नाही.

पंचवीसचं सांगायचं राहून गेलं. आता सांगून उपयोगही नव्हता.

दिवसभर छातीत जळजळ. कॅन्टीनची आमटी.

२४ डिसेंबर
भाव वीस. पुढच्या गिऱ्हाइकाला उगाच ओझं नको.

२६ डिसेंबर
भाव पंधरा. हात जोडलेलं चित्र पाठवणाऱ्याला फोन केला. त्याला वाटलं होतं घोडा वारला आहे.

२७ डिसेंबर, शनिवार
सेकंड शिफ्ट सुरू. मारुतीला गेलो नाही. तोंड दाखवण्यासारखं काही घडलं नव्हतं.

द्वारकानं सामान बांधलं. कोठी, पाटा, देव. देव वेगळ्या पिशवीत. बाळ्या प्रत्येक बोचक्याचा वास घेऊन आला. त्याला वाटत असावं की तोही निघालाय. मी त्याला समजावून सांगितलं. म्हणजे असंच, बोलता बोलता.

भाव विचारायला कुणी आलं नाही, त्यामुळं आज बदल नाही.

२९ डिसेंबर, सोमवार
गावातल्या चार जणांना फुकट नेता का विचारलं. खुंटेउपाड म्हणून कुणी हात लावेना. ही बातमी त्यांना कुणी सांगितली याचा शोध घेतला. मीच सांगितली होती, गेल्या महिन्यात, किराणा दुकानात, खरेपणाचा विषय निघाला होता तेव्हा.

कचरूला विचारावं असं द्वारका म्हणते. त्याच्या दावणीला घोडी आहे आता, त्याला अडचणीत टाकणं बरं नाही. शिवाय त्याची फर्स्ट शिफ्ट, माझी सेकंड, भेट होत नाही. फोन आहे, पण फोनवर काय बोलणार. बत्तीस म्हणालो होतो मी त्याला.

सर्जेरावला फोन केला.

३० डिसेंबर, मंगळवार, सकाळी अकरा
सर्जेराव टेम्पो घेऊन आला. आत दोन गाढवं होती. भोवरा बघितला नाही, खूर बघितले नाहीत. पाठ तेवढी दाबून बघितली, दोन्ही हातांनी.

उघड बोलला, सहा. मग त्यानं टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला. या वेळी मी हात काढला नाही. त्यानं खाली बोटं धरली, आधी पाच, मग एक; सहाच होती. मी ती दाबली. इतकी वर्षं वाटायचं की टॉवेल भाव लपवायला असतो. हात थरथरत असला तर तोही दिसत नाही.

मी विचारलं, भट्टीवर तर नाही ना देणार. "नाय हो," म्हणाला. इतक्या लवकर म्हणाला की पुन्हा विचारलं नाही.

बाळ्या टेम्पोत चढेना. मी आधी चढलो, तर तो मागोमाग आला. मग मी उतरलो.

नवी दोरी त्याच्याबरोबर दिली. द्वारका बाहेर आली नाही. सहा हजार हासुद्धा त्या परिस्थितीत वाजवीच म्हणायचा. खुंटा जागेवर आहे, घट्ट. म्हणजे त्या भोवऱ्यात काही तथ्य नव्हतं.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार, वाळूज
फ्लॅट हवेशीर आहे. पहाटे चारला उठून जिन्यानं खाली गेलो, पाणी दाखवायला. खाली मोटारसायकली होत्या. परत येताना लिफ्टनं आलो.

सेकंड शिफ्टला आत जाताना गेटवर कचरू भेटला, त्याची सुटली होती. थांबूनच राहिला होता. म्हणाला, आठ दिवस तुम्हाला गाठायला बघतोय, फोनवर बोलावं वाटंना. घोडी एकटी खात नाय, रात्रंदिवस खिंकाळती. मुक्ता रोज विचारती, बद्रीभाऊंनी देवाला विचारलं का. जोडीला बाळ्याच पाहिजे म्हणती. पंचवीस बाजूला काढून ठेवलेत.

मी म्हणालो, गेला तो, मंगळवारी.

त्यानं विचारलं, कुठं दिला?

चांगल्या घरी, म्हणालो.

त्याला खरंच बरं वाटलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, आपल्याला काय, जनावर सुखात राहिल्याशी मतलब. मग जाता जाता, सहज: "केवढ्याला?"

पंचवीस, म्हणालो.

भाव एकदाच सांगायचा, तो बदलायचा नाही, असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. ते आज पाळलं.