बोडणाला बसायचे हात

आई,

आज घरात काय आलं आणि कितीला, ते आधी सांगते, कारण दारातून कोणी पिशवी घेऊन आत आलं की तुझा पहिला प्रश्न तोच असायचा. धुण्याच्या पुडीचं पाकीट, हे दुसरं, एक रुपया दोन आणे. गूळ सहा आण्यांचा. नीळ एक आण्याची. दुकानदार आता सगळं नव्या पैशांत सांगतो. मी मनातल्या मनात त्याचे आणे करून घेते आणि हिशेब जुळेपर्यंत दुकानाच्या पायरीवरून हलत नाही. कोकमतेल मात्र आणलं नाही. घरात होतं तेवढ्यावर भागलं, हाताला आता लागत नाही. तेच तुला सांगायचं म्हणून बसले आहे. बाळ झोपलाय, सासूबाई देवळात कीर्तनाला गेल्यात, आणि दोरीवरचं धुणं अजून वाळायचंय.

इथल्या, डोंबिवलीच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे, कल्याणला आपल्या मागच्या दारच्या विहिरीचं होतं तसंच. साबण त्यात फाटतो. दूध नासावं तसे पांढरे कण होतात आणि कापडाला धरून बसतात. मग सोडा घालायचा, मग घासायचं, मग बादलीमागून बादली ओढून खळबळत राहायचं, आणि एवढं करून वाळल्यावर कापड पापडासारखं कडक ते कडकच. तू दगडावर शेवटचा कपडा आपटून झाला की कंबर धरून उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "मळ निघाला. आता साबण काढा." एवढ्या माणसांचं धुणं, शिवाय मोठ्या काकूचं सोवळं वेगळं, बाबांचं कोर्टात जायचं पांढरं धोतर वेगळं. तुझ्या हातांना बारमाही भेगा असायच्या. मीठ उचलताना तू चमचा घ्यायचीस. काकूच्या रेशमी कापडाची घडी करायला घेतलीस की त्याचं सूत तुझ्या बोटांत अडकायचं. म्हणून तू माझ्या गालावरून हात फिरवायचीस तो उलटा, पाठीकडून. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया असाच हात फिरवतात.

बाळ झाल्यापासून माझेही हात तसेच होत गेले. दुपटी, लंगोट, बाळोती, पहाटेपासून तेच. दिवाळी झाल्यावर सासूबाईंनी ठरवलं की नातवाचं बोडण तीन आठवड्यांनी, शुक्रवारी घालायचं. मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू! माझ्या मुलाचं बोडण, आणि सवाष्ण म्हणून देवीच्या परातीत पुरण-दूध मळायला मी बसणार. त्याच दुपारी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, हात दाखव बघू." मी दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, बोट ताणलं, आणि भेगेतून टिपूस आलंच. "हे हात घेऊन देवीच्या परातीत? नाही हो. रक्त लागलं की सगळं संपलं. शेजारच्या वहिनींना बसवू तुझ्या जागी. तू दूध-दही पुढे करायला उभी राहा." त्या रागाने बोलल्या नव्हत्या, तेच मला जास्त लागलं. दूध-दही पुढे करायला उभी राहा म्हणजे काय, ते मी लहानपणी पाहिलेलं आहे.

तुला आठवत असेल. काकूच्या मुलाचं लग्न झालं त्या वर्षीचं बोडण. साखर रेशनवर होती, काकूने महिनाभर चहात गूळ घालून ती साठवली होती. पुरुष मंडळींना बाहेर घालवलं आहे, खिडकी लोटून घेतली आहे. मधे पितळी परात, परातीत अन्नपूर्णा, भोवती चार सवाष्णी, आणि कुमारिका म्हणून मी, नव्या परकरात. पुरण, दूध, दही, तूप, मध सगळं घालून आम्ही पाचही जणी हातांनी मळतो आहोत. तू सवाष्ण असून तुझ्या जागी काकूची बहीण बसली आहे आणि तू दारात दुधाचं भांडं घेऊन उभी आहेस. कुमारिकेला विचारायचं असतं ना, काय हवं म्हणून. ती मागेल ते घालायचं, कारण त्या दिवशी ती देवी.

"काय हवं गो देवीला?" काकू विचारते.

"दूध."

तू वाकून दूध घातलंस.

"आणखी काय हवं?"

"मध."

"आणखी?"

"आई."

सगळ्यांचे हात थांबले. मग काकू हसली. "अगो, आई काय परातीत ओतायची?" काकूची बहीण म्हणाली, "मागितलंन् खरं. आज देवी आहे ती, नाही कसं म्हणणार?" काकूला ते पटलं असावं किंवा नसावं, पण ती तुझ्याकडे वळून म्हणाली, "मग ये, बस टेकून. हात तेवढा घालू नकोस." आणि तू काय म्हणालीस? "देवीला सांगा, आई धुणं वाळत घालायला गेलीय." सगळ्या खो खो हसल्या. तू भांडं खाली ठेवून मागल्या दारी गेलीस. दार अर्धं उघडं होतं, मला तू दिसत होतीस. धुणं तर सकाळीच वाळत घातलेलं होतं. तू दोरीपाशी जाऊन एकेक कपडा उलटा करत होतीस, मग परत सुलटा. नंतर माझे हात धुवायला तूच घेतलेस, चण्याचं पीठ लावून, बोटाबोटांतून तूप काढत. "नीट मळलंत ना?" एवढंच विचारलंस.

हे सगळं यांना मी कधी सांगितलेलं नाही, आणि सासूबाईंनी हात पाहिले त्या दुपारी तर काहीच बोलले नव्हते. पण रात्रीच्या भाताला माझ्या हातून मीठ पडलं नाही, तेव्हा यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या कचेरीतून येताना हे धुण्याच्या पुडीचं पहिलं पाकीट घेऊन आले. मचूळ पाण्यातसुद्धा फेस येतो म्हणे, सोडा लागत नाही, कपड्यात मागे काही राहत नाही. सासूबाईंनी चिमूट हातावर घेतली. "हा साबण आहे का रांगोळी?" मग, "चरबी नाही ना यात?"

"नाही गं आई," हे त्यांना म्हणाले. "दुकानदार शपथेवर सांगतो."

"दुकानदाराची शपथ! देवघरापासून लांब ठेवा म्हणजे झालं. आणि माझ्या सोवळ्याला लावलीत तर बघा."

सोवळं मी अजूनही नुसत्या पाण्यातच काढते. पण बाळाची दुपटी त्या पुडीत भिजवली, आणि आई, त्या विहिरीच्या पाण्यात फेस आला! कण नाहीत, साका नाही. घासायचं जवळजवळ कामच नाही. दोनदा खळबळलं तर पाणी असं निवळ की बादलीचा तळ दिसतो. मला खरं वाटेना, म्हणून तिसऱ्यांदा खळबळलं, आणि मग पाणी वाया घालवलं म्हणून स्वतःवरच चिडले. वाळलेलं दुपटं सासूबाईंनी बोटांत चोळलं, उन्हात धरलं, वास घेतला, गालाला लावून पाहिलं. "यात काही राहिलेलं नाही हो," त्या म्हणाल्या. जराशाने पुन्हा म्हणाल्या, "मग हे धुतं तरी कशानं?" आठवडाभरात बाळाच्या जांघेतली लाली गेली. माझ्या भेगा कोकमतेलाने हळूहळू मिटत आल्या. तरी सासूबाई रोज हात बघायच्या. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी माझी बोटं ताणून पाहिली, पुन्हा ताणली, आणि म्हणाल्या, "उद्या केसांवरून न्हाऊन घे. वहिनींना सांगते, तुम्ही दूध-दही बघा."

तर काल मी बसले. वहिनींची धाकटी कुमारिका होती, तिने प्रत्येक वेळी साखरच मागितली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "देवी, जरा दह्याचीही आठवण ठेव!" मी हात आत घातला. दही गार लागतं आणि खाली पुरण अजून कोमट असतं. मध बोटांच्या बेचक्यांत शिरला आणि कुठे चुरचुरलं नाही. सगळ्यांची बोटं एकमेकींत जातात, कोणतं आपलं ते कळेनासं होतं. लहानपणी मी त्यात होते तरी मला हे काही कळलं नव्हतं. तेव्हा माझं लक्ष दाराकडे होतं. काल कळलं, आणि कळल्याबरोबर पहिली आठवण झाली ती तुझी, की हे तुला घरातल्या घरात, चार पावलांवर असून, कधी मिळालं नाही. तू गेलीस तेव्हा ही पूड आपल्याकडे कुणी पाहिलीही नव्हती. जरा थांबली असतीस तर, असं मनात येतं, आणि कुणापाशी बोलावं तर वेडेपणा वाटेल. साबणाच्या पुडीवरून कुणी आईसाठी रडतं का?

मागे कल्याणला गेले होते तेव्हा काकूला विचारलं होतं, आईला वाईट वाटायचं का गं? काकू सुपारी कातरत म्हणाली, "कसलं वाईट? सुटका वाटायची तिला. इतका वेळ मांडी घालून कोण बसतंय?" काकू आता थकली आहे, तिच्याशी वाद घातला नाही. पण दोरीपाशी उभी असलेली तू मला दिसली आहेस.

हे पत्र टपालात पडायचं नाही, ते मलाही कळतं. घडी करून बाळाच्या दुपट्यांखाली ठेवीन आणि पुढच्या धुण्याला हाती लागलं की दुसरीकडे सरकवीन. तरी एक विचारते. तुला त्या दिवशी बसायचं होतं का? खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत आहे, आणि ते मला नको आहे. म्हणून तू "नाही गं, मला कुठे हौस" असंच लिही. माझा विश्वास बसणार नाही, तरी तेच लिही. आणि उलट टपाली लिही, मी वाट बघते आहे.